विश्लेषण : वेगाचे गणित सीव्हीटीच्या बाजूने, तरी चालकांचा कौल मॅन्युअलला का?

जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलोन या प्रदर्शनात सुबारूने ‘एस२१०’ ही मोटार सादर केली. सुबारूच्या मोटारस्पोर्ट्स शाखेने, म्हणजे एसटीआयने, खास तयार केलेल्या मर्यादित संख्येतील मोटारींच्या ‘एस’ मालिकेतील ही नवी मोटार. शक्ती ३०० पीएस, मोटारी फक्त ५०० आणि ग्राहक सोडतीने ठरणार. चाहत्यांचे लक्ष मात्र या आकड्यांपेक्षा चालकाच्या पायांकडे गेले. तिथे दोनच पेडल होती. क्लच नाही, गिअरबॉक्स सीव्हीटी. त्याच सुमारास अमेरिकेत याच कंपनीने याच पिढीच्या ‘डब्ल्यूआरएक्स’ची ‘टीएस’ ही आवृत्ती आणली, ती केवळ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. मोटार एकच, इंजिनाचे घराणे एकच. पण एका देशातील खास आवृत्तीत क्लच मिळत नाही आणि दुसऱ्या देशातील खास आवृत्ती क्लचशिवाय मिळत नाही. कागदावरच्या गणितात वेगासाठी सीव्हीटी सर्वांत योग्य ठरते. तरीही वेगासाठी मोटार घेणारा ग्राहक तिला टाळतो. यामागे केवळ जुन्या सवयीचा हट्ट आहे की यंत्राचीही काही अडचण आहे?

सीव्हीटी म्हणजे नेमके काय?

भारतात सीव्हीटी कोट्यवधी लोक रोज चालवतात. फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. गिअर नसलेली प्रत्येक पेट्रोल स्कूटर सीव्हीटीवरच चालते. इंजिनाकडे एक पुली, मागच्या चाकाकडे दुसरी पुली आणि दोन्हींवरून फिरणारा रबरी पट्टा. पुलीच्या दोन बशा जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, लांब गेल्या की खाली उतरतो. एका पुलीवर पट्ट्याचे वर्तुळ मोठे झाले की दुसरीवर लहान होते आणि गुणोत्तर बदलते. ठरावीक चार-पाच पायऱ्या नसतात. दोन टोकांच्या मधले कोणतेही गुणोत्तर मिळते. म्हणून नाव ‘कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन’. १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा रस्त्यावर आली, तेव्हा बजाज चेतकची डाव्या हाताची मूठ पिळून गिअर टाकणाऱ्या पिढीला तिचे नवल वाटले ते याचमुळे. चेतकचा आवाज टप्प्याटप्प्याने चढायचा आणि पडायचा. कायनेटिकचा आवाज एकदा चढला की तिथेच राहायचा आणि काटा मात्र पुढे सरकत राहायचा.

मोटारींत ही कल्पना रुजवली ती नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने. हब व्हॅन डोर्न यांच्या रचनेवर आधारित ‘व्हेरिओमॅटिक’ घेऊन १९५८ मध्ये ‘डाफ ६००’ आली. तिचे एक गमतीदार वैशिष्ट्य होते. पट्ट्याचे सगळे गुणोत्तर मागे जातानाही उपलब्ध असल्यामुळे ही मोटार पुढे जितक्या वेगाने जाई, तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके. डच लोकांनी पुढे या मोटारींच्या उलट्या शर्यती भरवल्या, त्या टीव्हीवर दाखवल्या आणि बऱ्याच डाफ त्यात मोडून घेतल्या.

रबरी पट्टा मोटारीच्या इंजिनापुढे फार काळ टिकत नव्हता. त्याची जागा व्हॅन डोर्न यांच्याच कंपनीने विकसित केलेल्या पोलादी पट्ट्याने घेतली. पोलादाच्या कड्यांवर शेकडो पातळ पोलादी चकत्या ओवलेल्या आणि त्या एकमेकींना ढकलत शक्ती पुढे नेतात, अशी ही रचना. सुबारूने १९८७ मध्ये ‘जस्टी’ या छोट्या मोटारीत ती वापरली. सुबारूच्या आजच्या ‘लिनिअरट्रॉनिक’मध्ये पट्ट्याऐवजी पोलादी साखळी असते. टोयोटाच्या हायब्रिड मोटारींतील ‘ई-सीव्हीटी’ मात्र या कुळातली नाही. तिच्यात ना पट्टा असतो, ना सरकणारी पुली. दोन विद्युत मोटर आणि ग्रहमालेसारखी गिअररचना मिळून ती काम करते. नावसाधर्म्यामुळे दोन्हींची गल्लत सर्रास होते. इथे चर्चा आहे ती पट्टा किंवा साखळीवरच्या सीव्हीटीची.

गणित कोणाच्या बाजूने?

इंजिन प्रत्येक आरपीएमला सारखी शक्ती देत नाही. समजा, एखादे इंजिन ६,००० आरपीएमला सर्वाधिक शक्ती देते. मॅन्युअलचा चालक ६,५०० पर्यंत इंजिन ताणतो आणि पुढचा गिअर टाकतो. दोन गिअरमधील अंतर दीडपट असेल तर आरपीएम एकदम ४,३०० च्या आसपास घसरतात. तिथून पुन्हा ६,००० पर्यंत चढेपर्यंत इंजिन आपल्या पूर्ण क्षमतेखाली काम करत असते. शिवाय क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ चाकांना काहीच मिळत नाही. सीव्हीटीला यातले काही करावे लागत नाही. इंजिन ६,००० वर धरून ठेवायचे आणि गुणोत्तर सरकवत न्यायचे. टर्बो इंजिनात तर आणखी एक लाभ असतो : आरपीएम पडत नाहीत म्हणून टर्बोचा दाबही पडत नाही.

हे केवळ कागदावर राहिले नव्हते. १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या ‘एफडब्ल्यू१५सी’ या मोटारीत सीव्हीटी बसवून चाचणी घेतली. चाचणीचालकांत डेव्हिड कूलथार्ड होता. त्या चाचणीचे चित्रण आजही इंटरनेटवर पाहता येते. वळण असो वा सरळ पट्टा, इंजिन एकाच सुरात किंचाळत राहते आणि मोटार कधी वेग घेते हे केवळ डोळ्यांनाच कळते. १९९४ च्या नियमांत ठरावीक संख्येच्या गिअरचे बंधन आले आणि सीव्हीटीवर बंदी आली. त्याच वर्षी सक्रिय सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांवरही बंदी आली होती. ही मोटार प्रत्यक्ष शर्यतीत उतरलीच नाही. त्यामुळे ‘सीव्हीटीने सगळ्यांना धूळ चारली असती’ हा चाहत्यांमध्ये चवीने सांगितला जाणारा दावा सिद्ध झालेला नाही, आणि खोटाही ठरलेला नाही. पोलादी पट्टा एका मोसमातील सर्व शर्यतींत फॉर्म्युला वनच्या इंजिनापुढे टिकला असता का, हा प्रश्नही तिथेच राहिला.

मग घोडे अडले कुठे?

पहिली अडचण टॉर्कची, म्हणजे पिळाच्या जोराची. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एका चाकाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकलेले असतात. ते घसरू शकत नाहीत. फार तर तुटतील. सीव्हीटीत मात्र सारा भार घर्षणावर असतो. पुलीच्या गुळगुळीत बशांनी पट्टा दोन्ही बाजूंनी आवळून धरायचा आणि त्या पकडीच्या जोरावर शक्ती चाकांकडे पाठवायची. इंजिनाचा जोर वाढला की पकडही वाढवावी लागते. पकड वाढवायला तेलाचा दाब वाढवावा लागतो आणि तो दाब तयार करणारा पंप पुन्हा इंजिनाच्याच शक्तीवर चालतो. पकड कमी पडून पट्टा एकदा जरी घसरला तरी पुलीच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. मग घसरण्याची शक्यता आणखी वाढते.

यावर कंपन्यांचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे इंजिनाचाच जोर कमी करणे. निस्सानच्या ‘ज्यूक निस्मो आरएस’ या छोट्या क्रीडामोटारीची युरोपीय आवृत्ती हे याचे ठळक उदाहरण. मॅन्युअलमध्ये २१८ पीएस आणि २८० न्यूटन मीटर. सीव्हीटीमध्ये २१४ पीएस आणि २५० न्यूटन मीटर. सीव्हीटीच्या मोटारीला चारही चाकांची ओढ होती, वजनही जास्त होते. म्हणजे ज्या मोटारीला जास्त जोर हवा, तिलाच कमी मिळाला. भारतीय ग्राहकाला हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. निस्सान मॅग्नाइटच्या एक लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क मॅन्युअलमध्ये १६० न्यूटन मीटर आहे आणि सीव्हीटीमध्ये १५२. शक्तीचा आकडा दोन्हींकडे १०० पीएसच. माहितीपत्रकात ही ओळ असते. पण विक्री दालनात तिच्यावर क्वचितच कोणी बोट ठेवते.

दुसरी अडचण उष्णतेची. घर्षण म्हटले की उष्णता आली. शहरात किंवा महामार्गावर ती सहज निघून जाते. शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा लांब घाटात, पाय सतत ॲक्सिलरेटरवर दाबलेला असताना, सीव्हीटीचे तेल तापत जाते. तापमान मर्यादेबाहेर गेले की संगणक स्वतःला वाचवण्यासाठी इंजिनाची शक्ती उतरवतो. चालकाच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट क्षण. मोटार बिघडलेली नसते, पण ती आपले ऐकत नाही. मॅन्युअलमध्ये कमजोर दुवा असतो तो क्लच प्लेटचा. ती झिजते, जळते, वास सुटतो. पण ती बदलायचीच वस्तू आहे आणि ती बदलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. सीव्हीटी उघडून पुली आणि पट्टा दुरुस्त करणारी गॅरेज मोजकीच. बहुतेक वेळा संपूर्ण यंत्रच बदलावे लागते. निस्सानने अमेरिकेत २००३ ते २०१० या काळातील सीव्हीटी मोटारींची त्या भागापुरती वॉरंटी १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली होती. सुबारूनेही आपल्या सुरुवातीच्या अनेक सीव्हीटी मोटारींसाठी असाच निर्णय घेतला. त्या बहुतांश साध्या कुटुंबाच्या मोटारी होत्या.

तिसरी अडचण कमी चर्चेत येते, पण चालकाला सर्वांत आधी जाणवते ती हीच. दोन हजार आरपीएमवर शांत चाललेल्या सीव्हीटी मोटारीत अचानक पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की संगणक आधी इंजिनाला साडेपाच-सहा हजारांवर नेऊ पाहतो. इंजिनाचे फिरणारे भाग आणि पुली यांना वेग द्यायलाही शक्ती लागते. त्या क्षणापुरती इंजिनाची बरीचशी मेहनत स्वतःलाच फिरवण्यात खर्च होते. आवाज आधी येतो, ओढ मागून. इंग्रजी परीक्षणांत याला रबर बँडची उपमा देतात. आपल्याकडे ओव्हरटेक करताना स्कूटरची मूठ पूर्ण पिळलेल्या कोणालाही ही भावना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मॅन्युअलचा चालक हे काम ओव्हरटेकच्या आधीच करून ठेवतो. तो गिअर खाली घेतो, इंजिन जागे ठेवतो आणि संधीची वाट पाहतो.

मोटार जागेवरून सोडतानाही असेच. मॅन्युअलमध्ये आरपीएम चढवून क्लच झटक्यात सोडता येतो. त्यात यंत्राचे हाल होतात, पण पहिल्या सेकंदाची ओढ जबरदस्त मिळते. सीव्हीटीचा संगणक पट्ट्याच्या भीतीने सुरुवातीचा जोर मोजूनमापून देतो. टोयोटाने आपल्या काही सीव्हीटींमध्ये पहिल्या सुटीसाठी चक्क एक खराखुरा गिअर बसवला आहे, आणि पट्ट्याचे काम त्यानंतर सुरू होते.

इंधन तरी वाचते का?

साध्या मोटारींत वाचते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीत २०१२ च्या सुबारू इम्प्रेझाची एकत्रित सरासरी मॅन्युअलमध्ये २८ मैल प्रति गॅलन होती आणि सीव्हीटीमध्ये ३०. म्हणजे लिटरला साधारण ११.९ आणि १२.८ किलोमीटर. सीव्हीटी इंजिनाला कमीत कमी आरपीएमवर रमतगमत ठेवते, त्याचा हा फायदा. सामान्य मोटारींतून मॅन्युअल हद्दपार होण्याचे मोठे कारणही हेच.

याच कंपनीच्या २०१५ च्या डब्ल्यूआरएक्समध्ये मात्र चित्र उलटे होते. मॅन्युअलची सरासरी २४ मैल प्रति गॅलन आणि सीव्हीटीची २१. लिटरला १०.२ विरुद्ध ८.९ किलोमीटर. मोठा टॉर्क पेलण्यासाठी यंत्र जड आणि मजबूत करावे लागले, पकडीचा दाब वाढला आणि बचतीचा मूळ मुद्दाच हातातून निसटला. वेगवान मोटारीत सीव्हीटी घेणाऱ्याला इंधनाचे कारणही पुढे करता येत नाही ते असे.

चालकाला नेमके काय हवे असते?

‘मॅन्युअलची मजाच वेगळी’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की त्यामागचा तांत्रिक मुद्दा हरवून जातो. वेगवान चालवणे म्हणजे केवळ सरळ रस्त्यावर पळणे नव्हे. वळणात शिरताना वजन पुढच्या चाकांवर आणायचे, मध्यावर मोटार तोलून धरायची आणि बाहेर पडताना हळूहळू जोर वाढवायचा, हा सारा खेळ उजव्या पायाच्या दोन-चार मिलिमीटरांवर चालतो. गिअर पक्का असेल तर पाय एवढा हलवला की चाकांना एवढा जोर, हे नाते ठाम राहते. पाय उचलला की इंजिनाचा ब्रेकही ठरलेला मिळतो. सीव्हीटीत चालकाचा पाय आणि चाके यांच्यामध्ये तिसरा निर्णयकर्ता बसलेला असतो. पाय तेवढाच दाबला तरी गुणोत्तर मधेच सरकू शकते आणि जोर कमी-जास्त होऊ शकतो. कानालाही आधार राहत नाही. अनुभवी चालक काट्याकडे न पाहता आवाजावरून वेग ओळखतो, आणि सीव्हीटीत आवाजाचा वेगाशी संबंधच तुटलेला असतो.

सुबारूला हे कळले नव्हते असे नाही. अमेरिकेत २०१५ च्या डब्ल्यूआरएक्समध्ये सीव्हीटी आली तेव्हाच तिच्या सर्वांत आक्रमक मोडमध्ये आठ कृत्रिम टप्पे दिले होते. जोर लावून चालवताना गुणोत्तर सरकते ठेवण्याऐवजी संगणक ते आठ ठिकाणी अडवतो आणि गिअर बदलल्याचा भास देतो. २०२२ च्या मॉडेलपासून ब्रेक लावताच आपोआप खालच्या टप्प्यावर येण्याची सोयही आली आणि या यंत्राचे नावच ‘सुबारू परफॉर्मन्स ट्रान्समिशन’ झाले. माहितीपत्रकात सीव्हीटी हा शब्द ठळकपणे दिसू नये याची काळजी यातून दिसते. पण यातला विरोधाभास लपत नाही. पायऱ्या नसणे हाच सीव्हीटीचा एकमेव मोठा गुण. तो काढून टाकल्यावर उरते ते घसरू शकणारे, तापणारे आणि जड असे आठ गिअरचे ऑटोमॅटिक.

अमेरिकेतील ग्राहकांनी आपला कौल स्पष्ट दिला. त्या देशात एकूण मोटारविक्रीत मॅन्युअलचे प्रमाण नगण्य झाले असताना डब्ल्यूआरएक्सच्या खरेदीदारांत मॅन्युअलवाले बहुसंख्य राहिले. २०२४ मधील ‘टीआर’ आणि त्यानंतरची ‘टीएस’ या दोन्ही खास आवृत्त्या केवळ मॅन्युअलमध्ये आल्या. मॅन्युअल मोटारींना चालक साहाय्य यंत्रणा मिळत नाही, ही तक्रारही २०२४ पासून कंपनीने दूर केली. याच वर्षी सुबारूने इम्प्रेझा आणि क्रॉसट्रेक या साध्या मोटारींतून अमेरिकेत मॅन्युअल काढून टाकले, हेही ध्यानात घेण्यासारखे. जपानमध्ये मात्र २०२१ च्या अखेरीस आलेली नव्या पिढीची ‘डब्ल्यूआरएक्स एस४’ केवळ सीव्हीटीसह आली आणि एस२१० तिच्यावरच बेतलेली. ‘एस’ मालिकेतल्या आधीच्या मोटारी मॅन्युअल असल्यामुळे ही बाब चाहत्यांना जास्तच टोचली.

सीव्हीटीचा खरा प्रतिस्पर्धी कोण?

घड्याळ लावून पाहिले तर मॅन्युअल नव्हे. निव्वळ वेगाच्या कसोटीवर आज मॅन्युअलही हरते. ती हरते ती ड्युएल क्लच गिअरबॉक्सपुढे, म्हणजे डीसीटीपुढे, आणि आठ-दहा गिअरच्या आधुनिक टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकपुढे. डीसीटीत पुढचा गिअर आधीच तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा पकडतो, आणि चाकांकडची ओढ जवळपास तुटत नाही. दात दातांत असल्यामुळे टॉर्कचे भयही नाही. गिअरची संख्या आठ-दहापर्यंत गेल्यावर दोन गिअरमधील दरी इतकी लहान होते की सीव्हीटीने भरून काढावे असे फारसे काही शिल्लकच राहत नाही.

म्हणूनच सीव्हीटीत मुरलेल्या कंपन्याही वेगवान मोटार करताना वेगळी वाट धरतात. टोयोटाची साधी कोरोला सीव्हीटीवर चालते. पण ३०० अश्वशक्तीच्या ‘जीआर कोरोला’ला २०२५ मध्ये ऑटोमॅटिकचा पर्याय द्यायचा झाला, तेव्हा कंपनीने आठ गिअरचे टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक निवडले. जपानमध्ये ‘जीआर यारिस’ची सीव्हीटी आवृत्ती निघाली होती ती टर्बो नसलेल्या दीड लिटर इंजिनासह. सुबारूच्याच मागील चाकांच्या ओढीच्या ‘बीआरझेड’मध्ये मॅन्युअलला पर्याय आहे तो सहा गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकचा. होंडा सिव्हिकची ‘टाइप आर’ तर मॅन्युअलशिवाय मिळतच नाही.

एका मैदानात मात्र सीव्हीटीने वेगाच्या खेळातही पाय रोवले आहेत. पोलॅरिस, कॅन-ॲम यांच्या वाळवंटात पळणाऱ्या ‘साइड-बाय-साइड’ गाड्या स्कूटरसारख्याच रबरी पट्ट्याच्या सीव्हीटीवर चालतात आणि पोलॅरिसच्या ‘आरझेडआर प्रो आर’ची शक्ती २२५ अश्वशक्ती आहे. डकार रॅलीत अशा गाड्यांचा वेगळा गट असतो. वाळूत चाकांवरचा भार क्षणोक्षणी बदलतो, गिअर टाकायला उसंत नसते, म्हणून तिथे सीव्हीटी शोभते. चालक जादा पट्टे बरोबर घेऊनच निघतात आणि तुटला की ढिगाऱ्याच्या आडोशाला बसून बदलतात. गाडी हलकी आणि पट्टा बदलण्याची वस्तू, असे दोन्ही जुळल्यावर हा सौदा परवडतो. दीड टनाच्या, पाच जणांच्या मोटारीत तो परवडत नाही.

खोटे गिअर विजेच्या मोटारींतही का?

गंमत अशी, की ज्या मोटारींना गिअरची गरजच नाही त्यांतही आता गिअर येऊ लागले आहेत. ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५ एन’ या विद्युत मोटारीत आठ गिअरच्या डीसीटीचा आभास देणारी यंत्रणा आहे. पॅडल ओढले की झटका बसतो, आवाज बदलतो आणि चुकीच्या ‘गिअर’मध्ये राहिले तर शक्ती अडवली जाते. होंडाने २०२५ मध्ये पुन्हा आणलेल्या ‘प्रेल्यूड’ या हायब्रिड मोटारीतही ‘एस प्लस शिफ्ट’ नावाने असेच आठ गिअर आहेत. हे सगळे संगणकाचे नाटक आहे, वेग यातून वाढत नाही. तरीही ह्युंदाईच्या यंत्रणेचे परीक्षकांनी कौतुकच केले. कारण चालकाला वळणात आपण कुठे आहोत याची खूण पुन्हा मिळाली. सीव्हीटीच्या कृत्रिम टप्प्यांना असे कौतुक क्वचितच लाभले. तिथे नाटकाबरोबर यंत्राच्या मर्यादाही येतात. विद्युत मोटारीत मागे खरा जोर हजर असतो.

भारतीय ग्राहकासमोर पर्याय कोणते?

भारतातील कंपन्यांची मांडणी पाहिली की तेच सूत्र दिसते. ह्युंदाई क्रेटाच्या ११५ पीएसच्या साध्या पेट्रोल इंजिनाला ‘आयव्हीटी’ या नावाने सीव्हीटी मिळते. १६० पीएसच्या टर्बो इंजिनाला मात्र डीसीटी. २०२४ मध्ये आलेल्या ‘क्रेटा एन लाइन’मध्ये मॅन्युअल आणि डीसीटी असे दोन पर्याय आले, सीव्हीटीचा प्रश्नच नव्हता. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या १५० पीएसच्या ‘जीटी’चेही तसेच. होंडा सिटीत सात कृत्रिम टप्प्यांची आणि पॅडलची सीव्हीटी आहे आणि शहरातल्या रहदारीत ती अतिशय गुळगुळीत चालते. पण १४५ न्यूटन मीटर टॉर्कच्या इंजिनासमोर तिची खरी परीक्षा होतच नाही.

आयात होणाऱ्या महागड्या मोटारींत मॅन्युअल जवळपास दिसेनासे झाले आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन ‘गोल्फ जीटीआय’ला आणि स्कोडा ‘ऑक्टाव्हिया आरएस’ला डीसीटीच आहे. नव्या गोल्फ जीटीआयमधून कंपनीने मॅन्युअल जगभरातच काढून टाकले. याला अपवाद ठरली ती बीएमडब्ल्यूची ‘झेड४ एम४०आय’. २०२५ मध्ये तिची मॅन्युअल आवृत्ती भारतात आली आणि तिची किंमत ऑटोमॅटिकपेक्षा जास्त होती. वर्षानुवर्षे ‘परवडत नाही म्हणून मॅन्युअल’ असे समीकरण असलेल्या बाजारात तीन पेडलसाठी जादा पैसे मोजण्याची वेळ आली, ही बाब लहान नाही.

दहा ते वीस लाखांच्या गटात टर्बो मोटार पाहणाऱ्याने माहितीपत्रकात शक्तीच्या आकड्यापुढे न थांबता टॉर्कची ओळ मॅन्युअल आणि सीव्हीटी अशी दोन्हींसाठी ताडून पाहावी. चाचणी फेरी रिकाम्या रस्त्यावर घेण्यापेक्षा चार माणसे बसवून चढावर घ्यावी. चाळीसच्या वेगावरून अचानक ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज आणि ओढ यांत किती अंतर पडते, ते तिथेच कळते. रोजचा प्रवास पुणे-मुंबईच्या रहदारीतला असेल आणि घाट महिन्यातून एकदा लागत असेल, तर सीव्हीटी हा निवांत पर्याय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. वापरलेली सीव्हीटी मोटार घेताना मात्र तेल बदलल्याची नोंद मागून घ्यावी. सीव्हीटीला तिच्यासाठीच बनवलेले तेल लागते. साध्या ऑटोमॅटिकचे तेल भरले तर पट्ट्याची पकड जाते, आणि दुरुस्तीचे बिल लाखांच्या घरात जाऊ शकते.